चोवीस वर, चौदा खाली

"पाय कुठं आहेत तुझे, जयवंत?" मागच्या सीटवरून बिवलकर सर ओरडले. "घरी ठेवून आलास का?"

मी डावीकडे वळत होतो, निदान माझा तसा समज होता. स्टिक डावीकडे दाबली होती, डावा पंख झुकलाही होता, पण विमानाचं नाक खुशाल उजवीकडे चाललं होतं. समोरच्या तबकडीत काचेच्या नळीतली काळी गोळी मधली जागा सोडून एका टोकाला जाऊन बसली होती. गोळी मधोमध तर वळण शुद्ध, हा आमच्याकडचा पहिला धडा. माझी गोळी त्या दिवशी एकदाही मधोमध आली नाही.

उतरल्यावर सरांनी टोपी काढली, घाम पुसला आणि फक्त एवढंच म्हणाले, "ती बघ, कुमुद कशी उडवते. शीक जरा."

हे वाक्य मी त्या जानेवारीत किती वेळा ऐकलं याची गणती नाही. कुमुद शेजवळचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायला लागायचं. आता एकसष्टाव्या वर्षी हे कबूल करायला लाज कसली.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. सोनखडीच्या माळावर आमचा फ्लाइंग क्लब होता. एक धावपट्टी, विमानं ठेवायचं एक पत्र्याचं हँगर, दोन विमानं. एक नवं, परदेशी बनावटीचं. दुसरं पिवळं, कापडी पंखांचं, ज्याला सगळे म्हातारी म्हणायचे. मी नव्यावर शिकलो होतो; वर सांगितला तो दिवस म्हातारीवरचा. माझे वडील गावातले मोठे औषधविक्रेते, क्लबचे सभासद, त्यामुळे मला नवं विमान मिळायला कधी अडचण आली नाही. कुमुदचे वडील ग्लायडिंग सेंटरवर विंच चालवायचे, म्हणजे बिनइंजिनाच्या ग्लायडरला दोरानं खेचून आभाळात पाठवणारं यंत्र. ती लहानपणापासून ग्लायडरमध्येच वाढली. आमच्याकडे आली तेव्हा तिच्याकडे एक इस्त्री केलेला शर्ट, एक स्वेटर आणि ते पाय होते.

पायांचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

पंखाच्या मागच्या कडेला, टोकाजवळ, एक हलती फळी असते. तिला एलरॉन म्हणतात. डावीकडे वळायचं तर उजवा पंख वर उचलावा लागतो, म्हणून उजवी फळी खाली झुकते आणि डावी वर उठते. इथंपर्यंत ठीक. पण जो पंख जास्त उचल देतो त्याला हवाही जास्त मागे ओढते. म्हणजे वळायचं असतं डावीकडे आणि नाक ओढलं जातं उजवीकडे. मग पायानं पेडल दाबून शेपटीवरचं रडर वळवायचं आणि नाकाला रस्त्यावर आणायचं. किती दाबायचं, कधी सोडायचं, हे पुस्तकात नसतं.

विमानं बनवणाऱ्यांनी यावर युक्त्या काढल्या आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे वर जाणारी फळी जास्त उठवायची आणि खाली जाणारी कमी झुकवायची. म्हातारीच्या पुस्तकात ते आकडे होते, चोवीस अंश वर आणि चौदा अंश खाली. त्यानं नाकाची ओढ कमी व्हायची, पण जायची नाही. नव्या विमानात त्याच्या जोडीला फळीचा पुढचा काठही असा घडवला होता की फळी वर उठली की तो काठ पंखाखाली डोकवायचा आणि त्या बाजूला हवा अडवायचा. त्यामुळे नव्या विमानात पाय झोपले तरी चालायचं. माझे झोपले होते.

आणि त्या वर्षी एका साखर कारखान्याच्या ट्रस्टनं शिष्यवृत्ती जाहीर केली. एकच. ज्याला मिळेल त्याचा व्यावसायिक परवान्यापर्यंतचा सगळा खर्च ट्रस्ट करणार. क्लबमधून नावं गेली दोन, माझं आणि कुमुदचं. वडिलांचं दुकान चांगलं चालायचं, पण एवढा खर्च त्यांनाही झेपणारा नव्हता. कुमुदच्या वडिलांचा तर प्रश्नच नव्हता. परीक्षेला मुंबईहून कॅप्टन कोठारे येणार होते. नवं विमान इंजिनाच्या कामाला गेलेलं, म्हणून परीक्षा म्हातारीवर.

हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मी तिचा मत्सर केला तो नुसता उडण्यावरून नाही. ती हसायची त्यावरून, हँगर सांभाळणारे हुसेनभाई तिला आपल्या डब्यातला खिमा द्यायचे त्यावरून, सर तिच्याशी बोलताना आवाज खाली आणायचे त्यावरूनही. एकदा मी तिला विचारलंच.

"तू पायानं नेमकं करतेस काय?"

"काही नाही रे." ती तेव्हा म्हातारीच्या चाकावरचा चिखल खरवडत होती. "नाक जायच्या आधीच पाय देते. गेल्यावर दिला की उशीर होतो."

"जायच्या आधी कळतं कसं?"

तिनं जरा विचार केला. "बुडाला कळतं," ती म्हणाली आणि खळखळून हसली. "अरे, खरंच. ग्लायडरमध्ये आमच्या काचेवर लोकरीचा दोरा चिकटवलेला असतो. तो सरळ राहिला पाहिजे. आबा खाली विंचजवळून बघायचे आणि उतरल्यावर विचारायचे, दोरा किती वेळा हलला? खोटं बोलायची सोय नव्हती, त्यांना वळणावरूनच दिसायचं."

मी घरी आलो आणि खुर्चीवर बसून पलंगाच्या पायावर पेडल दाबायचा सराव केला. आई म्हणाली, "काय रे, पाय दुखतोय का?" तीन आठवड्यांत मला म्हातारी बऱ्यापैकी जमायला लागली. पण घोकून. एवढी स्टिक, एवढा पाय. पाढे पाठ करावेत तसं.

परीक्षेच्या आठ दिवस आधी म्हातारीचे पंख उतरवले. कापड जुनं झालं होतं, ते नवं चढवायचं होतं. हुसेनभाई मुल्ला म्हणजे आमचे इंजिनिअर. सगळं हँगर त्यांचं. त्यांच्या सहीशिवाय म्हातारी दाराबाहेर निघायची नाही. त्यांनी पंखांच्या आतले सगळे लोखंडी भाग काढून, घासून, करड्या रंगाचे हात दिले. त्यातच होते दोन बेलक्रँक. हा कोयत्याएवढा वाकडा तुकडा असतो, स्टिकची ओढ फळीपर्यंत पोहोचवतो, आणि त्याच्या वाकानंच ठरतं फळी वर किती आणि खाली किती. डाव्या पंखाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. ओळखायला त्यांच्यावर अक्षरं ठोकलेली होती. ती नव्या रंगाखाली बुजली.

पंख चढले. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी फळ्यांचे कोन मोजायचे होते. भाईंच्या मदतीला मीच होतो, आम्हा विद्यार्थ्यांना हँगरचं काम करावंच लागे. भाई कॉकपिटमध्ये बसून स्टिक हलवणार, मी पंखाखाली उभा राहून पितळी तबकडी लावून अंश वाचणार. माळावरचा वारा कागद उडवायचा, म्हणून भाईंची एक पद्धत होती. मोजलेले आकडे आधी कागदी चिकटपट्टीवर लिहायचे, पट्टी तिथंच पंखाखाली चिकटवायची, आणि मग सगळे आकडे एकदम त्यांच्या तक्त्यात उतरवायचे.

"घेतली का उजवी?" भाईंनी वरून विचारलं.

"घेतो."

उजवी फळी वर गेली. चौदा. खाली गेली. चोवीस. मी पट्टीवर लिहिलं, पट्टी चिकटवली, आणि डाव्या पंखाखाली गेलो. तिथंही तेच. वर चौदा, खाली चोवीस. तेही पट्टीवर लिहून चिकटवलं, आणि मग हात थांबला.

उलटं होतं. बेलक्रँकची अदलाबदल झाली होती. दोन्ही बसतात एकमेकांच्या जागी. स्टिक डावीकडे दाबली तर विमान डावीकडेच झुकणार, उड्डाणाआधीच्या तपासणीत कुणाला काही कळणार नाही. पण जी युक्ती नाकाची ओढ कमी करायला केलेली, तीच आता ओढ वाढवणार. म्हातारी पहिल्या वळणालाच नाक भलतीकडे फेकणार.

"काय आलं रं?" भाई ओरडले. "लिवतोय मी."

उद्याचा क्रम भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलेला होता. आधी शेजवळ, सात वाजता. मग मी.

मला विचार करायला किती वेळ लागला? भाईंनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं असेल, तेवढा. माझ्या डोळ्यांसमोर काळी गोळी नळीच्या टोकाला जाऊन बसली, आणि ती माझी नव्हती, तिची होती. एकदा तरी. एकदा तरी तिची गोळी हलू दे. ती उतरली की मी म्हणेन, भाई, काहीतरी चुकतंय, परत मोजू या. मग दुरुस्ती, मग मी.

"चोवीस वर, चौदा खाली," मी म्हणालो. "दोन्ही."

"बरोब्बर," भाई म्हणाले आणि त्यांनी लिहिलं. स्वतः उतरून परत मोजायचा त्यांचा नियम होता. पण माझ्यावर त्यांचा विश्वास होता आणि कंबर दुखत होती. त्यांनी खाली सही केली.

डाव्या पंखाखालची पट्टी मी काढली, चुरगाळून खिशात टाकली. उजवीकडे निघालो तेवढ्यात बिवलकर सरांनी ऑफिसातून हाक मारली. त्यांनी मला संध्याकाळपर्यंत नकाशे काढायला बसवलं. परत आलो तर हँगरला कुलूप.

रात्रभर मी स्वतःला समजावत होतो की यात धोका काहीच नाही, गोळी हलेल एवढंच. ते खोटं होतं आणि मला माहीत होतं. वेग कमी असताना, उतरायच्या आधीच्या शेवटच्या वळणात नाक उलट फिरलं तर विमान गिरकी घेतं, आणि तिथं सावरायला उंची नसते. हे सरांनी शिकवलं होतं. मी वहीत लाल शाईनं लिहिलेलं होतं.

सकाळी सात वाजता माळ शांत होता. कॅप्टन कोठारे उंच, हडकुळे, कुणाशी न बोलणारे गृहस्थ. कुमुदनं विमानाभोवती फेरी मारून तपासणी केली, पंखाखाली वाकली, फळ्या हातानं हलवून पाहिल्या. पट्टी अजून उजव्या पंखाखालीच होती; सगळ्यांसमोर मला ती काढता आली नव्हती. ती उठली, वहीत सही केली आणि मला म्हणाली, "थंडीनं बोटं वाकत नाहीत रे."

"ऑल द बेस्ट," मी म्हणालो.

ती गेली वर, मागच्या सीटवर कोठारे. मी, सर, हुसेनभाई, तिघं धावपट्टीच्या कडेला. पहिलं वळण आलं आणि मला स्पष्ट दिसलं, नाक बाहेर फेकलं गेलं. सरांनाही दिसलं. "हे काय करतेय ही?" ते म्हणाले.

माझा आनंद तेवढाच टिकला. दुसऱ्या वळणाला नाक जरा हललं. तिसऱ्याला मुळीच नाही. डावं, उजवं, तीव्र, सौम्य, सगळी वळणं एकामागून एक आली आणि म्हातारी कुणी रुळावर ठेवल्यासारखी वळत राहिली. उलट्या फळ्यांचं विमान! ती आभाळात बसून पायानं दुरुस्त करत होती. शेवटच्या वळणाला मी डोळे मिटून घेतले. भीतीनं मिटले, हे खरं. पण उघडले आणि ती अलगद उतरताना दिसली, तेव्हा सुटकेच्या आधी जो आला तो हेवाच होता. कसं जमतं हिला? काय म्हणून जमतं?

इंजिन बंद झालं. कोठारे वहीत लिहीत बसले. कुमुद उडी मारून उतरली आणि कुणाशी न बोलता उजव्या पंखाखाली वाकली. क्षणभर थांबली. मग डाव्या पंखाकडे गेली. मग हुसेनभाईंकडे आली.

"भाई, फळ्यांचे कोन परत मोजा. नाक फार उलटं पळतंय."

"काल तर मोजलंय पोरी. चोवीस-चौदा."

"परत मोजा."

या वेळी भाई स्वतः पंखाखाली गेले, स्टिक सरांनी हलवली. मी तसाच उभा. भाई बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"उलटं हाय," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं. "तू काय वाचलंस, जयवंत?"

"खालून बघताना..." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "खालून बघताना वर-खाली उलटं झालं असेल भाई. माझी चूक झाली."

आणि सगळ्यांना ते पटलं. अशी चूक होते. पाठीत वाकून, मान उलटी करून वाचताना नवशिक्याचं वर आणि खाली फिरतं, दर वर्षी कुणाचं तरी फिरतंच. सर मला अद्वातद्वा बोलले. भाई मात्र म्हणाले, "त्याला नगा बोलू साहेब. सही माझी हाय. मी उतरून बघाया पायजे व्हतं." मी लगबगीनं उजव्या पंखाखाली पाहून घेतलं. पट्टी नव्हती. भाईंच्या फडक्यानं गेली असणार. मला वाटलं, देवच पाठीशी आहे.

बेलक्रँक बदलायला अकरा वाजले. मी वर जायला निघालो तेव्हा कुमुद हँगरच्या सावलीत पोत्यावर बसली होती. म्हणाली, "आता बरोबर आहे विमान. तरी पाय जागे ठेव." माझ्या डोळ्यांत मात्र तिनं पाहिलं नाही.

मी घोकलेलं सगळं उडवून आलो. गोळी जवळजवळ मधोमध.

दुपारी कोठाऱ्यांनी गुण वाचून दाखवले. कुमुदची गोळी दोनदा बाहेर गेली होती. माझी एकदाही पूर्ण गेली नव्हती. बिवलकर सर उठून उभे राहिले. "कॅप्टन, विमान सदोष होतं! तिला परत एक उड्डाण द्या."

"विमान सदोष होतं, मान्य," कोठारे म्हणाले. "पण ते उडवायच्या आधी तपासून ताब्यात कुणी घेतलं? सही कुणाची आहे?" ते कुमुदकडे वळले. "मिस शेजवळ, तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहत होतो. तिथं एक मुंगळा मेलेली माशी ओढत होता.

"नाही सर," ती म्हणाली. "सही माझी आहे."

शिष्यवृत्ती मला मिळाली. हुसेनभाईंना सहा महिने सही करायला बंदी झाली. तेवढ्यावर निभावलं, सगळे म्हणाले. कुमुद महिनाभरात ग्लायडिंग सेंटरवर परत गेली. मी परवाना घेतला, मुंबई गाठली, आणि पुढं एकतीस वर्षं मोठी जेट विमानं उडवली. मोठ्या विमानात नाकाची काळजी यंत्रच घेतं. पाय पेडलवर असतात, पण बहुतेक वेळ शोभेलाच.

मी मनाशी एक समजूत करून घेतली होती. तिला काही कळलं नाही, कोठारेच हेकट होता, माझा दोष असला तर अर्धाच. या समजुतीवर मी संसार केला, घर बांधलं, निवृत्तीचा हारही घालून घेतला.

गेल्या वर्षी कुणीतरी सांगितलं की शेजवळ मॅडम अजून ग्लायडिंग शिकवतात. मी गेलो. का गेलो, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी कॅप्टन झालो हे तिला दिसावं, एवढी हौस त्यात नक्की होती.

केस पांढरे झाले होते, स्वेटर मात्र होता. तिनं मला लगेच ओळखलं.

"जयवंत ना? पोट सुटलंय की रे! चल, बस पुढं. बोलू वरच."

विंचनं आम्हाला खेचलं आणि चारशे मीटरवर दोर सुटला. इंजिन नाही, आवाज नाही, नुसती हवेची सळसळ. ती मागच्या सीटवर, मला न दिसणारी. समोर काचेवर लाल लोकरीचा दोरा.

"घे तू," ती म्हणाली. "डावीकडे वळव."

मी वळवलं. ग्लायडरचे पंख लांबलचक, नाकाची ओढ म्हातारीच्या दुप्पट. दोरा सरकन एका बाजूला कलला.

"कुमुद," मी म्हणालो. पुढं काय म्हणणार होतो, कुणास ठाऊक.

"ती पट्टी मी काढली होती," ती मागून म्हणाली, एवढ्या सहजपणे की मला आधी कळलंच नाही. "उजव्या पंखाखालची. सकाळी तपासणीत पाहिली होती मी. भाई नेहमीच लावायचे, म्हणून वाचली नाही. पहिल्या वळणाला नाक पळालं आणि पट्टी डोळ्यांपुढं आली. वर चौदा, खाली चोवीस. तुझा चारचा आकडा नेहमीसारखाच, शेपटी वळवलेला. उतरल्यावर परत बघितली आणि काढून घेतली."

माझे हात स्टिकवर तसेच राहिले.

"म्हणजे तुला तेव्हाच..."

"तू बरोबर वाचलं होतंस आणि खोटं सांगितलंस. हो. तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?" छत्तीस वर्षं कुणीतरी माझ्यासाठी एवढं पोटात ठेवलं, या विचारानं मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. "माझ्यासाठी तू..."

"तुझ्यासाठी?" ती खरोखरच आश्चर्यानं म्हणाली. "अरे, पंखावर खरे आकडे आणि तक्त्यावर खोटे, असं सापडलं असतं तर? तक्ता भाईंच्या अक्षरात, खाली भाईंची सही. वाचायची चूक झाली म्हणून सहा महिन्यांवर भागलं. खरं माहीत असून खोटं लिहिलं म्हणून त्यांचा परवाना गेला असता. त्यांच्या तीन मुली होत्या लग्नाच्या. आणि माझं म्हणशील तर आकडे माझ्या नाकासमोर होते, मी वाचले नाहीत. कोठारे बोलला ते बरोबरच होतं. तुझा विचार मी केलाच नाही, जयवंत. तेव्हा वेळच नव्हता, आणि नंतर गरज पडली नाही."

खाली धावपट्टी, विंच, बोटाएवढी माणसं. मी उजवीकडे वळण घेतलं. दोरा पुन्हा कलला. पाय दिला, जास्त झाला, दोरा दुसऱ्या बाजूला पडला.

"असू दे," ती म्हणाली. "सोड. मी घेते."

मी हात-पाय काढून घेतले. एकतीस वर्षं, पंधरा हजार तास, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, आणि माझ्या पोटात पुन्हा तेच जुनं दुखायला लागलं, तेवढंच, तिथंच.

ती डावीकडे वळली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. दोरा सरळ झाला होता. जमिनीला टेकेपर्यंत मी त्याच्याकडे बघत होतो, आणि तो एकदाही हलला नाही.